चहा येईपर्यंत

शहाद्याच्या शाळेत लागलो तेव्हा घरमालकांनी मला कापूस साठवायचा माळा खोली म्हणून भाड्याने दिला. वर नुसते पत्रे. उन्हाळ्यात तिथे भाकरी ठेवल्या जागी भाजली असती. पत्र्यांखाली बांबूच्या तट्ट्या ठोकून मध्ये उसाचं पाचट भरा, असं मालकांना किती विनवलं. ते म्हणायचे, "पाहू."

समोरच्या ओट्यावर एक म्हातारबुवा दिवसभर सुपारी कातरत बसायचे. कुणाचीही अडचण ऐकली की "मी शे ना!" म्हणत टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. टोपी गुडघ्यावर आली की आळी सावध व्हायची.

माझं ऐकून त्यांनी टोपी काढली. "गुरुजी, पैसा मांगू नका. मालकले चहाले बलावा. भर दुपारले."

मालक माळ्यावर आले. म्हातारबुवांनी शेजारी बसून लेकीच्या लग्नाची हकिकत काढली. मालक उठू लागले की हे हात धरायचे, "बठा ना, चहा यी ऱ्हायना!" चहा न घेता उठणं मालकांना शोभलं नसतं, आणि मी स्टोव्ह पेटवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. हकिकतीतलं वऱ्हाड जेवायला बसेपर्यंत मालकांचा सदरा पिळण्याजोगा झाला.

"भरा ते पाचट! खर्च मन्हा!" ते ओरडले.

खोली गारेगार झाली. पहिल्याच दुपारी शाळा सुटल्यावर हौसेने वर आलो, तर माझ्या गादीवर मालक आणि म्हातारबुवा दोघेही आडवे. टोपी माझ्या खुंटीला. म्हातारबुवांनी एक डोळा उघडला.

"गुरुजी, जाताना दार लोटी ल्या. झळ यी ऱ्हायनी."