पाळणाघराच्या वेळेत पाहिलेलं लिमेरिक

माझ्या मोबाईलमध्ये आयर्लंडच्या लिमेरिक शहराचे बरेच फोटो आहेत. चर्चसमोरचा, किल्ल्यासमोरचा, नदीच्या पुलावरचा. सगळ्या फोटोंत मी सारखीच उभी आहे. साडीवर मुलाचं जुनं जॅकेट, डोक्याला स्कार्फ, खांद्याला पिशवी. गावच्या बाया फोटो पाहतात आणि विचारतात, हा कोणता महाल, आत काय होतं. मला नीट सांगता येत नाही. मला फक्त त्या फोटोतली वेळ आठवते. चर्चच्या फोटोत साडेदहा झाले आहेत, म्हणजे नातवाच्या पेजेची वेळ. किल्ल्याच्या फोटोत बारा वाजत आले आहेत, म्हणजे त्याची झोप. तो कोणाच्या खांद्यावर झोपला असेल, की तसाच पडून असेल, एवढंच त्या फोटोत माझ्या तोंडावर आहे. बायांना ते दिसत नाही.

मी तिकडे तीन महिने होते. सुनेची बाळंतपणाची सुट्टी संपली होती आणि पाळणाघरात जागा जून सरता सरता मिळणार होती. मधले तीन महिने लेकराला कोण पाहील, म्हणून मुलाने मला बोलावलं. सुनेची आई गोंदियाजवळ फुलचूरला राहते, पण तिला शुगरचा त्रास, तिला एवढा प्रवास झेपला नसता. मग मीच गेले. मी अर्जुनी मोरगावच्या पलीकडच्या खेड्यातली. चौथीपर्यंत शिकले. एकटी गोंदियाला जायचं तरी दोन दिवस आधीपासून एसटीची वेळ विचारत फिरते. विमानात खाण्याचं ताट आलं तर त्याचं झाकण कसं काढायचं ते कळेना. शेजारच्या माणसाला विचारायची लाज वाटली. तशीच उपाशी उतरले.

गेले तेव्हा नातू पाच महिन्यांचा होता. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, मग घरात आम्ही दोघंच. बाहेर सारखा भुरभुर पाऊस, रस्त्यावर माणूस दिसत नसे. मी त्याच्याशी दिवसभर बोलत असे. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण त्याच्याजवळ माझं बोलणं सरत नसे. धानाची रोवणी कशी करतात, इटियाडोह धरणाचं पाणी नहराला कधी सोडतात, त्याचे आजोबा गावी एकटे कसा स्वयंपाक करत असतील, सगळं सांगून झालं. तो माझ्या मांडीला टेकून बसायला शिकला. पेज कशी पातळ हवी, झोप आली की डावा कान कसा ओढतो, हे मला त्याच्या आईपेक्षा आधी कळत होतं. सुनेला ते जाणवत असे.

माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी पाळणाघर सुरू झालं. तिथली पद्धत अशी की पहिल्या दिवशी लेकराला एकच तास ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. म्हणजे लेकराला सवय होते. सोमवारी आम्ही सगळेच सोडायला गेलो. त्याला आत नेलं आणि तो रडायला लागला. सून ओठ दाबून गाडीत जाऊन बसली. मी कुंपणाशी उभी राहिले. रडण्याचा आवाज बाहेर येत होता आणि मला तिथून पाय उचलता येईना. थोड्या वेळाने आतली एक बाई आली. हसून, अगदी हळू आवाजात मुलाशी काही बोलली. मुलगा मला म्हणाला, चल, आपण इथं उभं राहायचं नाही.

संध्याकाळी सुनेने मला समोर बसवलं. ती गोंदियाच्या बाजूची, तिच्या बोलण्यात अर्धी हिंदी.

"आई, त्याला आदत झाली पाहिजे ना. तुम्ही घरी असल्या तर तुम्हाला राहवणार नाही, अन् मग मलाही राहवणार नाही. तुम्ही तर जाणार. मागं मी एकटी काय करू?"

खरं होतं ते. मी मान हलवली. मुलाने आठवडाभराची सुट्टी काढलीच होती. तो म्हणाला, मायनं तीन महिन्यांत घर अन् दुकान सोडून काही पाहिलं नाही, गावी लोक काय म्हणतील. सगळं फिरवून आणतो तिला. मी म्हटलं, मले चालते. मी नेहमीच तसं म्हणते.

असं माझं लिमेरिक पाहणं सुरू झालं. पाळणाघराचा वेळ जसा वाढत गेला तसा मुलगा मला घरापासून लांब नेत गेला. सोमवारी तर कुंपणापासूनच त्याने नेलं होतं, तासाभरात पाहून होईल अशा जवळच्या चर्चमध्ये. फार जुनं, आत थंडगार, माणसं नाहीत. मी दारात चपला काढल्या तर मुलगा म्हणाला घाल, फरशी बर्फासारखी आहे. मी चपला हातात घेऊनच फिरले. तिथे लाकडी बाकांवर जनावरं कोरली आहेत, ती मुलगा दाखवत होता, अन् मी मनातल्या मनात एकच मागत होते की नातू आता शांत झाला असू दे.

मंगळवारी किल्ला. तो नदीला लागूनच आहे. शॅनन नदी एवढी मोठी आणि भरलेली की उन्हाळ्यातही वाळू दिसत नाही. किल्ल्यात गोल गोल दगडी पायऱ्या. माझे गुडघे चढतानाच बोलायला लागले. वर गेल्यावर वारा इतका की स्कार्फ सांभाळू की पदर सांभाळू. मुलगा भिंतींवरची माहिती वाचायचा आणि मला दोन वाक्यांत सांगायचा. एक राजा होता, त्याने बांधला. मग दुसरे आले, त्यांनी वेढा घातला. मी हो हो म्हणत होते. तो मला खूश करायला एवढं करतोय हे दिसत होतं. बापासारखा चेहरा करून प्रत्येक ठिकाणी विचारायचा, कसं वाटलं. मी म्हणायची, चांगलं आहे. मग तो अजून एक ठिकाण दाखवायचा.

बुधवारी एका मोठ्या तलावात बोटीत बसवलं. इथं पाऊस पडला, तिथं ऊन, पलीकडे इंद्रधनुष्य. आजूबाजूची माणसं फोटो काढत होती. मी हातातल्या घड्याळाकडे पाहत होते. घरी पोचलो तेव्हा सून त्याला घेऊन आधीच आली होती. त्याच्या अंगाला वेगळ्याच साबणाचा वास येत होता. मी हात पुढे केले तर तो आला, पण लगेच झोपून गेला. थकला होता. मीही थकले होते. आमचा दिवस असा दोघांनी वेगवेगळा थकून संपायला लागला. रात्री मी बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

हे मी मुलाला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? त्याने सुट्टी काढली, तिकिटं काढली. आणि सुनेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्या मनासाठी लेकराची सवय मोडायची, मग मी विमानात बसून निघून जायचं, हे बरं दिसतं का. असं मी मलाच समजावत होते आणि सकाळी पुन्हा जॅकेट चढवत होते.

गुरुवारी नातू पहिल्यांदा पूर्ण दिवस राहणार होता. मुलाने मला शहराबाहेर एका जुन्या गावात नेलं. खरं गाव नाही, जुनी घरं जशी होती तशी दाखवायला उभी केलेली. तणसाची छपरं, मातीच्या भिंतींना चुना, बाहेर कोंबड्या. एका घरात चूल पेटलेली आणि तिच्यात लाकडाऐवजी दलदलीतल्या वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटा जळत होत्या. मुलगा हसत म्हणाला, पाह्य माय, आपल्यासारख्या घराले इथं तिकीट काढून पाहतात. मलाही थोडं हसू आलं. मग तो पलीकडचं लोहाराचं घर पाहायला गेला. मी म्हटलं, तू जा, मी बसते.

तिथे एक बाई होती. तिची चार-पाच वर्षांची मुलगी उंबऱ्यावर पडली होती, गुडघा सोलला होता. बाई तिला पायरीवर बसवून गुडघा पुसत होती. दुसरं तान्हं बाबागाडीत, अगदी माझ्या बाजूला. धुरानं असेल, ते रडायला लागलं. बाई तोंडाने काही म्हणत होती, पण तिचे दोन्ही हात मोठीच्या पायाला गुंतलेले. तान्ह्याचं रडणं वाढलं, तोंड लाल झालं.

मी त्याला उचललं. विचार असा केलाच नाही. अर्जुनीहून गोंदियाला निघालेल्या एसटीत लेकुरवाळी बाई उभी असली की बसलेली बाई हात पुढे करते आणि लेकरू मांडीवर घेते. कोणाचं, कोणत्या गावचं, कोणी विचारत नाही. उतरायच्या वेळी ज्याचं त्याला परत. मी कितीतरी लेकरं अशी गोंदियापर्यंत नेली आहेत, आणि माझाही मुलगा असाच कोणाकोणाच्या मांडीवर बसून गेला आहे. मी त्या तान्ह्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, ते गप्प झालं. दुधाचा वास येत होता. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ती बाई समोर उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिने लेकरू माझ्या हातातून काढून घेतलं. ओरडली नाही. पण त्याला छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली. मुलगा धावत आला, तिच्याशी कितीतरी वेळ बोलला, सारखं सॉरी सॉरी म्हणत होता. शेवटी ती माझ्याकडे पाहून थोडी हसली, मानेनं ठीक आहे म्हणाली, आणि बाबागाडी लांब घेऊन गेली.

मुलगा मला घेऊन गाडीत येऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. मग म्हणाला, "माय, इथं असा नाई करत. दुसऱ्याच्या लेकराले हात नाई लावत."

"ते रडून राहिला होता."

"त्याची माय होती ना तिथं."

मी पट्टा लावला. त्याने गाडी सुरू केली आणि म्हणाला, अजून एक बाग राहिली आहे, वाटेतच आहे, ती पाहून जाऊ. तेव्हा माझ्या तोंडून निघालं.

"मले आता कायी नाई पाहाचा. मले पोट्ट्याजवळ बसाचा हाये. तीन दिवस राह्यले माह्ये."

त्याने गाडी बंद केली.

"मंग आधी काऊन नाई सांगितला?"

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. बागेत न जाता आम्ही घरी आलो आणि पाळणाघर सुटायला तीन तास होते, ते आम्ही स्वयंपाकघरात बसून काढले. त्याने चहा केला. मी तांदूळ निवडले, तिकडच्या तांदळात खडा नसतो तरी.

त्याने सुनेला सांगितलं असावं. रात्री त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. शुक्रवारी सकाळी सून म्हणाली, आज त्याला पाठवावंच लागेल आई, पाच दिवस सलग झाले पाहिजेत. मी म्हटलं, हो, पाठव. त्या दिवशी मी घरीच राहिले. कोणी कुठे नेलं नाही. माझी बॅग भरली, त्याचे छोटे कपडे धुऊन घडी केले. तो संध्याकाळी आला तेव्हा रडला नव्हता म्हणे. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं पाहिजे होतं.

शनिवारी समुद्राकाठचे उंच कडे पाहायला जायचं आधीच ठरलं होतं. पाळणाघराला सुट्टी, म्हणून तोही बरोबर. दीड तासाचा रस्ता. तिकडच्या नियमाने लेकरू त्याच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं, मी शेजारी. तो झोपला होता. पोचलो तर धुकं आणि आडवा पाऊस. गाड्या ठेवायच्या जागेतून समुद्राचा नुसता आवाज येत होता. सून म्हणाली, याला एवढ्या वाऱ्यात न्यायचं कसं, आपण दोघा-दोघांनी पाळीपाळीने जाऊ, आई, आधी तुम्ही जा, एवढ्या लांब आल्या.

मी म्हटलं, "नाई. तुमी दोघं जा. मी बसतो त्याच्याजवळ."

ती मुलाकडे पाहायला लागली. त्याने दार उघडलं आणि तिला हाताने बोलावलं. लेकरू झाल्यापासून ती दोघं एकटी कुठे गेली नव्हती. जॅकेटच्या टोप्या ओढून पावसात चालत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

गाडी उभी होती, म्हणून मी पट्टा काढून त्याला मांडीवर घेतलं. तो जागा झाला. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पाहुण्याकडे पाहावं तसं. मी बोलले नाही, हललेही नाही. मग त्याला माझ्या हातावरचं गोंदण दिसलं. हिरवे ठिपके तो बोटाच्या टोकाने उचलायला लागला. एक उचलला जाईना म्हणून दुसरा, मग तिसरा. मी हात तसाच धरून ठेवला. डब्यातली पेज कोमट होती, ती भरवली. त्याने डावा कान ओढला. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि तो झोपला. काचेवर पाऊस वाजत होता. बाजूच्या गाड्यांतून लोक उतरत, धुक्यात जात, भिजून परत येत. मी पाय सीटवर घेऊन, पाठ दाराला टेकून बसले. तीन महिन्यांत एवढं टेकून बसले नव्हते. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि हात माझा वाटेना.

दोन तासांनी ती दोघं आली. नखशिखांत भिजलेली. सुनेचे केस गालाला चिकटले होते आणि ती कशावरून तरी हसत होती. मुलगा म्हणाला, काहीच दिसलं नाही माय, नुसतं पांढरं. तरी तू जाऊन येते का, मी बसतो. मी म्हटलं, पाय दुखून राहिले. तेही खरंच होतं.

आता निघायचं तर त्याला पुन्हा खुर्चीत बांधायला हवं होतं. सुनेने मागचं दार उघडलं आणि घ्यायला हात पुढे केले. तो माझ्या मानेत तोंड घालून झोपला होता. तिने थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं. मग हळूच दार लावलं, पुढे जाऊन बसली आणि मुलाला म्हणाली, गाडी अजून चालू करू नको.