पाटावर बसवून ठेवलेली पोर

माझ्या थोरल्या भावानं माझ्या मुलीला फसवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून मुंबईला आलेल्यांना पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल.

ज्या सकाळी मी मंदाला घेऊन निघालो, त्या सकाळी पाथर्डीच्या स्टँडवर निम्मा तालुका लोटला होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी चुकलेला. कोणी ऊसतोडीला निघालेलं, कोणी खडी फोडायला. त्या गर्दीत पंधरा वर्षांची पोर मी पाठुंगळी घेतली होती. तिचा गुडघा नारळाएवढा झाला होता. दादा मागं मागं आले. वाटलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतील. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुणी इचारलं तर सांग, मामाच्या गावाला चाललीय."

मी एसटीत चढलो. तोंड उघडलं असतं तर तिथंच हात उचलला गेला असता.

मी गुरांचा दलाल. वडिलांनी मला जमीन दिली नाही, एक वाक्य दिलं. "बसलेलं जनावर कधी घ्यायचं न्हाई, आधी उठवून चालवायचं." त्यावर मी शून्यातून धंदा उभा केला. दुष्काळात चारा संपला तशी आमची आणि गावाची जनावरं घेऊन मी पुणतांब्याकडं, गोदाकाठी गेलो. घर दादांच्या हवाली केलं.

मंदाचा गुडघा मी गेल्यावर दुखायला लागला. खडीच्या कामावर मुरगळला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. बिब्बा घातला. कातडी सोलून निघाली, सूज तिथंच. माझी बायको म्हणत होती, यांना निरोप धाडू, पोरीला नगरला दाखवू. दादांनी थांबवलं. शेवगावकडचं बागायतदार स्थळ बघायला येणार होतं. पायाचं कळलं तर सोयरीक हातची जाईल.

आमच्याकडं मुलगी चहा घेऊन बाहेर येते, पाया पडते, मग पाहुण्यांतलं कोणीतरी चार पावलं चालायला सांगतं. दादांनी पाहुणे यायच्या आधीच मंदाला पाटावर बसवलं, गुडघ्यावर साडी पसरली, आणि आज हिचा कडक उपास आहे, उठवू नका, असं सांगितलं. पाहुण्यांनी पसंती दिली. त्यानंतर दादा स्वतः पुणतांब्याला आले, माझ्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, म्हणाले, पोर ठणठणीत हाय, लगीन जमलंय. मी नदीकाठच्या सगळ्या गुराख्यांना गूळ वाटला.

लंगडा बैल खपवायचा असला की बाजारात तो असाच पहाटेपासून बसवून ठेवतात. तोंडापुढं हिरवी वैरण टाकतात. ही युक्ती शेंबडं पोरगंसुद्धा ओळखतं. ती माझ्याच घरात, माझ्याच पोरीवर झाली आणि मी गूळ वाटत बसलो.

परत आलो तेव्हा तिला उठता येत नव्हतं. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, मुंबईला न्या, आजच्या आज.

मुंबईच्या इस्पितळात कॅन्सर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हाडाचा. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या मांडीवर रेघ ओढली, पाय इथून काढावा लागेल. मी म्हणालो, गुडघ्याखालून काढा. ते नाही म्हणाले. मी म्हणालो, बरं, गुडघ्यातून. माझा आवाज वॉर्डभर गेला, नर्स धावत आली. रेघ जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस माझ्याशी सौदा करत नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "इतके महिने कुठं होता तुम्ही?"

आम्ही गुरांचा भाव तोंडानं बोलत नाही. उपरण्याखाली हात धरतो आणि बोटं दाबून ठरवतो. चारचौघांत खोटं, उपरण्याखाली खरं. मंदा लहानपणापासून माझ्याबरोबर बाजार हिंडलेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात चादरीखाली ओढला.

"आण्णा, आता खरा भाव सांगा," ती म्हणाली. "समदे खोटाच सांगत्यात."

"पाय जाणार," मी म्हणालो. "तू ऱ्हाशील का, ते डॉक्टरांनाबी ठावं न्हाई."

तिनं माझी बोटं गच्च दाबली. सौदा पटल्यावर दाबतात तशी.

पाय गेला. शेवगावची सोयरीक दादांनी दुसरंच कारण सांगून मोडली. मग लाईटचा शेक, उलट्या, झडलेलं अंग. बायको आली. परळला चाळीत खोली घेतली. गुरं विकून टाकली आणि भायखळ्याच्या बाजारात कांद्याची दलाली धरली. आता माझ्या तोंडी ओपीडी, एक्स-रे, डिस्चार्ज हे शब्द बसलेत. मंदा कुबड्यांवर सगळी चाळ हिंडते. चपलेच्या दुकानदाराशी भांडते, एकच घेणार, निम्म्यात द्या. तो हसतो, ती हसत नाही. दुखणं फुप्फुसात पसरलं का ते बघायला दर काही महिन्यांनी छातीचा फोटो काढतात. फोटो हातात येईपर्यंत मला एका जागी बसवत नाही. मी इस्पितळाच्या फाटकापासून रस्त्याच्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतो.

औंदा पाऊस झाला. मंदा म्हणाली, पुढचा फोटो निघायच्या आधी घरी जाऊन येऊ. मी निरोप धाडला. दादांचा उलट निरोप आला: आत्ता आणू नको, माझ्या धाकटीला बघायला पाहुणे यायचेत, गावाला अजून पायाचं ठाऊक नाही.

म्हणजे गावाच्या लेखी ती अजून मामाकडंच आहे.

मंदानं निरोप ऐकला. ती म्हणाली, "मी मेले असते तर गावाला काय सांगितलं असतं त्यांनी?"

घर कुठलं, असं चाळीतले लोक विचारतात. पूर्वी मी पाथर्डी म्हणायचो. आता सांगतो, जिच्या दारात माझी पोर कुबड्या टेकून उभी राहिली तरी कोणी दार ओढून घेत नाही, ती ही दहा बाय दहाची खोली.

पण ते घरही तिचंच आहे, दादा. आम्ही येतोय. पाहुणे असोत नसोत, स्टँडपासून दारापर्यंत ती भर दुपारी, सगळ्या गावादेखत येईल. तिनं जे विचारलं ते मी वर लिहिलंय. तुम्ही दारात या आणि तिच्या तोंडावर त्याचं उत्तर द्या.