दांड्याचं आइस्क्रीम

माझे भाऊजी पुंजाजी तायडे अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होते. कुठलंही मशीन अडलं की ते आधी त्याला कान लावून उभे राहायचे. पान्याला हात घालायचे ते त्यानंतर. जिनमधले लोक म्हणायचे, पुंजाजीला मशीन स्वतःहून दुखणं सांगते. भाऊजी हसायचे, पण त्यांना ते खरं वाटायचं. पुढे जे झालं त्यात या विश्वासाचाही हात होता, असं मला वाटतं.

मी त्यांची मेहुणी, शालू. अमरावतीला सरकारी शाळेत शिकवायची. भागीरथा ही माझी थोरली बहीण. दर मे महिन्यात मी अक्काकडे अकोल्याला जायची. वस्ती चाळीस घरांची, आमचं माहेरही तिथलंच, आणि वस्तीच्या मधोमध विहीर. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात लोकांनी ती स्वतः खणली होती. त्याआधी आमच्या बाया दुसऱ्यांच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभ्या राहायच्या. आजूबाजूच्या बऱ्याच विहिरी खाऱ्या निघाल्या, ही गोड निघाली. तळचा खडक भाऊजींनी फोडला होता.

बासष्टच्या दिवाळीनंतर भाऊजींनी जिनमधली नोकरी सोडली आणि एक मशीन आणलं. अमरावतीला एका सिनेमा थेटरात वामनराव नावाचे कॅन्टीनवाले होते, त्यांच्याकडून. मूळचं ते गोऱ्या पलटणीचं, लढाईनंतर डिस्पोजलच्या लिलावात निघालेलं. कपाटाएवढं, वरून दूध-साखरेचं मिश्रण ओतायचं आणि समोरचा दांडा खाली ओढला की मऊसूत आइस्क्रीम वळ्या घेत द्रोणात उतरायचं. तोवर अकोल्यानं लाकडी पिंपात मीठ-बर्फ घालून हातानं फिरवलेलं आइस्क्रीमच खाल्लं होतं. कचेरीच्या रस्त्यावर भाऊजींनी गाळा घेतला. गाळा वस्तीच्या अगदी कडेला, मागचं दार विहिरीकडे उघडणारं. लोक त्याला ‘दांड्याचं आइस्क्रीम’ म्हणू लागले. वकील, कारकून, कॉलेजची पोरं, सगळे यायचे.

“पाह्य अक्का,” भाऊजी बायकोला चिडवताना तिला माझ्यासारखं अक्का म्हणायचे, “त्याच कचेरीतले लोक माह्या बापाले पायरीवर बसू देत नव्हते. आता रांग लावून राहिले.”

मशीनला विहिरीचं पाणी लागणार होतं. त्यासाठी त्यांनी वस्तीच्या पंचांना रीतसर विचारलं. “धुवायले आन थंड ठेवायले थोडंसं लागन,” ते म्हणाले. “करंगळीएवढी धार.” बदल्यात त्यांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला, वर टाकी बांधली आणि वस्तीसाठी दोन तोट्या काढून दिल्या. रहाट ओढणं संपलं म्हणून बाया खूश झाल्या. पंच कशाला नाही म्हणतील?

त्रेसष्टच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. त्यात एक मोठं काम आलेलं. शहरालगत खुशालराव पाटलांचा मळा होता. त्यांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि त्यांनी लग्नाचं आइस्क्रीम भाऊजींना सांगितलं होतं. अक्कानं मला ही गोष्ट दारातच सांगितली, माझी पिशवी खाली ठेवायच्या आधी. याच खुशालरावांच्या वडिलांच्या विहिरीपाशी माझ्या आईनं आणि भाऊजींच्या आईनं वाट बघत दिवस काढले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज बदलला. घरघर करत तो नुसता वारा ओढू लागला. तोटीतून दोन थेंब गढूळ पाणी आलं आणि बंद झालं.

शेजारच्या चतुराबाई वस्तीत सगळ्यांत वडील. त्या तरातरा विहिरीपाशी गेल्या, वाकल्या, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

“काकी, काय झालं?” अक्कानं विचारलं.

“तळ दिसून राहिला,” चतुराबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्याजणी धावलो. मी आत पाहिलं. तळाशी चिखल, एका कोपऱ्यात परातीएवढं पाणी, आणि बाजूच्या खडकावर छिन्नीचे पांढरे व्रण. सहा उन्हाळ्यांत ते व्रण कोणाला दिसले नव्हते. तोट्या आल्यापासून विहिरीत वाकून बघायचं कामच उरलं नव्हतं. पाणी केव्हापासून खाली चाललं होतं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

पंच जमले. औंदा ऊन जास्त, गेल्या साली पाऊस कमी, असं बोलणं झालं. तोट्या बंद करून घरटी दोन घागरी ठरल्या. भाऊजीही त्यात होते. त्यांनीही उन्हालाच दोष दिला, आणि मनापासून दिला.

दुपारपर्यंत विहिरीत थोडं पाणी झिरपलं आणि गाळ्यापुरता पंप पुन्हा सुरू झाला. मी गाळ्याच्या मागे भांडी विसळायला गेले. मशीनच्या पाठीमागून एक नळी निघून नालीत सोडलेली होती. तिच्यातून पाणी वाहत होतं. करंगळीएवढं नव्हे, चांगलं अंगठ्याएवढं जाड. मी हात लावला तर पाणी कोमट.

“भाऊजी, हे काय?” मी विचारलं.

“मशीनची गरमी बाहेर नेते ते पानी,” ते आतूनच म्हणाले. “तिले आइस्क्रीम थंड कराव लागते, त मंग गरमी कुठी तरी जाईन ना.”

“दिवसभर वाहते?”

“मशीन चालू हाये तवरी.”

मास्तरणीची खोड. मी नळीखाली घागर लावली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तीन मिनिटांत घागर भरली. पुन्हा लावली, पुन्हा तीन मिनिटं. तासाला वीस. सकाळी नऊ ते रात्री नऊ मशीन चालायचं. मी तोंडी हिशेब केला, मग विश्वास बसेना म्हणून कोळशानं भिंतीवर मांडला. दोनशे चाळीस.

चाळीस घरं, घरटी चार घागरी. सगळी वस्ती मिळून दिवसाला एकशे साठ घागरी प्यायची, शिजवायची, आंघोळ करायची. त्याच्या दीडपट पाणी हे एकटं मशीन पिऊन नालीत टाकत होतं.

मी भाऊजींना बोलावलं. त्यांनी भिंतीवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, “तुह्या घड्याळात काहीतरी चूक हाये.” त्यांनी स्वतः घागर लावली. मग गिऱ्हाइकाचं घड्याळ मागून आणलं आणि तिसऱ्यांदा लावली. तीनच मिनिटं. ते घागरीकडे बघत खाली बसले.

“हिवाळ्यात धार एवढीशी होती,” ते म्हणाले. करंगळी दाखवत होते. “मंग हे कवा वाढलं?”

त्यांनी मागचं झाकण उघडलं, नळीवरून बोट फिरवत गेले आणि एका पितळी व्हॉल्वपाशी थांबले. मशीन जास्त तापलं की तो व्हॉल्व आपोआप जास्त उघडायचा. ऊन वाढत गेलं तसा रोज थोडा थोडा उघडत गेला होता. बिघाड कुठलाच नव्हता. मशीन अगदी बरोबर चाललं होतं.

“रोज कान लावत होतो मी हिले,” भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिथे उभं राहवेना.

अक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आताच्या आता पंचाईले सांगा. आन बंद करा.”

“चार दिवस,” भाऊजी म्हणाले. “पाटलाचं लगन होऊ दे. मंग मी स्वतः सांगतो.”

“चार दिवस लोकं काय पितीन?”

“मी कायतरी करतो, भागीरथा.”

त्यांनी केलंही. लोखंडी पिंप आणलं, त्यावर ओलं बारदान गुंडाळलं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा मशीनमधून फिरवलं. मे महिन्यातलं अकोला! अकरा वाजेपर्यंत पिंपातलं पाणी हात भाजेल इतकं तापलं आणि मशीन आपोआप बंद पडलं, तेव्हा पुन्हा विहिरीचंच पाणी जोडावं लागलं. जवळच्या खाऱ्या विहिरीचं पाणी घालावं, तर नळ्यांत आतून चुना धरून त्या बुजल्या असत्या. या सगळ्या धडपडीत वस्तीला खरं काय ते आम्ही कोणीच सांगितलं नाही. मीही नाही.

शेवटी भाऊजी म्हणाले, “पाटलाच्या मळ्यात गोड पानी हाये. त्याच्याच पोरीचं लगन, त्याच्याचसाठी आइस्क्रीम. मांगून पाहतो.” हिशेब सांगायला ते मलाही सोबत घेऊन गेले.

खुशालरावांनी आमची चांगली आवभगत केली. ओसरीवर खुर्च्या टाकल्या, मला शाळेचं विचारलं. मांडवाचं काम चाललं होतं. भाऊजींनी सगळं सांगितलं. खुशालरावांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, “अरे, एवढंच ना? पानी ने. पायजे तेवढं ने. तू टाकी आनून फाटकापाशी ठेव. माहा गडी देवमन भरून देईन.”

“त्याले कायले तरास, पाटील? मी भरून घेतो.”

“नाई, नाई.” खुशालरावांनी हात हलवला. आवाज चढला नाही, उलट समजूत घातल्यासारखा होता. “तू विहिरीकडे नको येऊ. सोयरे उतरले हायेत, जुनी मानसं हायेत. उगं बोलाचाली कायले?”

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, “पाटील, लगनात आइस्क्रीम तं माह्या हातचंच खासान ना?”

खुशालराव मोकळेपणानं हसले. “हातचं कुठी? मशीनचं हाये ते. दांडा ओढला का खाली येते. हात लागत नाई म्हनून तं तुले सांगितलं, पुंजाजी. सोयऱ्याइलेबी मी तेच सांगितलं.”

ते हे कोणाला दुखवायला बोलले नव्हते. उलट आपण काहीतरी चांगलं केलं आहे अशा चेहऱ्यानं बोलले. कचेरीच्या रस्त्यावरची रांग माझ्या डोळ्यांपुढे आली. त्या रांगेतल्या किती जणांच्या मनात हेच असेल?

भाऊजी उठले. “येतो, पाटील,” एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर ते सायकल हातात धरून चालत राहिले. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं.

वस्तीत शिरलो तर जमुनाच्या दारात गर्दी. जमुना आमच्यापासून चौथ्या घरातली, कापूस वेचायला, निंदायला जाणारी. दोन घागरींत भागेना म्हणून मोर्णा नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर पाणी आणायला गेली होती. भरलेली घागर घेऊन चढताना दरड सुटली आणि जमुना हातावर पडली. मनगट उलटं वळलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ओरडत नव्हती. “घागर फुटली,” एवढंच सारखं म्हणत होती.

भाऊजींनी ते पाहिलं. आधी गाळ्यात जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. गिऱ्हाइकं द्रोण धरून उभी होती, त्यांना म्हणाले, “बंद झालं.” मग टांगा आणून जमुनाला दवाखान्यात पोचवलं. परत आल्यावर विहिरीपाशी उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं. दोनशे चाळीस घागरी. दोन दिवसांपासून मले मालूम होतं, हेही सांगितलं.

मग चतुराबाई पुढे आल्या.

“आमच्या तोंडचं पानी तुह्या मशीनीनं पेलं?”

“हो, काकी.”

“आन तू दोन दिवस चूप बसला?”

“हो.”

“पाटलाच्या लगनासाठी?”

भाऊजींनी मान हलवली. चतुराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं. मग त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अक्का नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी विहिरीत उतरून गाळ काढू लागले. पहिल्या दिवशी एकटेच. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे आले. मशीन थांबल्यावर झरे हळूहळू धरू लागले आणि आठवडाभरात घरटी तीन घागरी मिळायला लागल्या. मळ्यातून देवमन दोनदा विचारायला आला. भाऊजींनी निरोप दिला, मशीन चालत नाही. लग्न झालं. तिथे कोणाचं आइस्क्रीम वाढलं, ते आम्ही विचारलं नाही.

अमरावतीला परतल्यावर मी मुद्दाम वामनरावांना गाठलं. त्यांना पाण्याचं माहीत होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. “मालूम होतं ना,” ते पानाला चुना लावत म्हणाले. “पान्यापायीच तं काढलं मी ते. पन तुमच्या भाऊजीनं इचारलं कुठी? मशीन चांगलं हाये का म्हने. चांगलंच होतं.”

भाऊजी पुन्हा जिनमध्ये लागले. जुनी जागा भरली होती, म्हणून हाताखालचा फिटर म्हणून. मशीन वर्षभर गाळ्यात पडून होतं, मग भंगारवाल्यानं तोडून नेलं. अक्काशी दोन घरच्या बाया बरेच दिवस बोलल्या नाहीत. चतुराबाई पुढच्या वर्षी बोलू लागल्या, पण भाऊजींना ‘पुंजा’ म्हणायच्या त्या ‘पुंजाजी’ म्हणू लागल्या. तेवढं अंतर राहिलं.

जमुनाचं मनगट वाकडंच बसलं. त्या हातानं घागर उचलणं तिला पुन्हा जमलं नाही. भाऊजी कामावर जायच्या आधी तिच्या घरचं पाणी भरायचे. पुरुषानं डोक्यावर चुंबळ ठेवून घागर न्यावी हे वस्तीत कोणी पाहिलं नव्हतं. पोरं हसली, मग सवय झाली. अडुसष्टला मी बदली होऊन अकोल्याला आले, तेव्हाही ते भरतच होते. मी एकदा म्हटलं, “भाऊजी, आता तिची सून आली आहे घरात.”

“हो, भली पोरगी हाये,” ते म्हणाले, आणि दुसरी घागर घ्यायला विहिरीकडे वळले.