शेवटचा भाग न दाखवता गेलेला तंबू

तंबूवाल्याने माझ्या आत्याला फसवले. मलाही फसवले, पण माझे सोडा. मी बैलांचा दलाल आहे. फसणे आणि न फसणे हा माझा रोजचा धंदा. आत्याने फक्त चित्रे पाहिली आणि खरी मानली.

ही मुक्या सिनेमाच्या दिवसांतली गोष्ट. भाताची कापणी उरकली की दासगावच्या बंदरात आगबोटीतून पेटारे, इंजिन आणि तंबूचे कापड उतरे, आणि महाडात नदीकाठी सिनेमा उभा राही. त्या वर्षी भागाभागांची एक लांबलचक गोष्ट आली होती. दर बाजाराच्या दिवशी एक भाग. एक मुलगी डोळ्यांवर भोके पाडलेली काळी पट्टी बांधते, पुरुषी फेटा घालून घोड्यावर बसते आणि बापाची जहागीर गिळलेल्या चुलत्याला सळो की पळो करून सोडते. पडद्याशेजारी एकजण काठी घेऊन उभा राही आणि काय चालले आहे ते मोठ्याने सांगे. गोष्टीत तिचे नाव काहीही असो, आमच्याकडे तिला पट्टीवाली म्हणत.

मी तेव्हा तिशी ओलांडलेला, पोराबाळांचा माणूस. तरी पट्टीवालीने मला वेड लावले. तंबूवाला ताशा वाजवत गावभर गुलाबी-पिवळी हस्तपत्रके वाटी. ती मी खळ लावून गोठ्याच्या दाराला आतून चिकटवत असे. एकावर तिचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा होता. गिऱ्हाइकाला बैल दाखवण्याआधी मी तो घोडा दाखवी. वरंधच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाला, "शेठ, जनावर बरं हाय. पर नांगराला चालंल काय?"

आत्या बालविधवा. माझे आईबाप गेल्यावर तिनेच मला वाढवले. आंबेनळीच्या पायथ्याच्या आमच्या वाडीतून ती डोक्यावर हिरड्याचे ओझे घेऊन पोलादपुरात उतरे आणि वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याशी उभ्या बाजारात भांडे. भाव करायला मी तिच्याकडूनच शिकलो. तिला मी पहिल्यांदा तंबूत नेले. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाली, "बाईमाणूस हाय, पर कुणापुढं हात नाय पसरला तिनं." पुढच्या बाजारी मी बैल जुंपायच्या आत ती गाडीत बसलेली होती.

आता सौदा काय होता ते सांगतो, कारण सगळे त्यावर आहे. दासगावहून सामान आणायला आणि हंगाम संपल्यावर परत न्यायला तंबूवाल्याला गाड्या लागत. गाड्या माझ्या. आम्ही गुरांच्या बाजारात करतात तसा सौदा केला, रुमालाखाली एकमेकांचा हात धरून. सामान आणल्याचे भाडे बाकी होते; ते आणि परतीचे, दोन्ही मी मागितलेच नाही.

"गाड्या फुकट," मी म्हणालो. "आत्याला पुढं खुर्ची द्यायची, आणि गोष्ट शेवटपर्यंत दाखवायची. मधेच उठायचं नाही."

"शेठ, असला सौदा करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय."

"कबूल?"

"कबूल," म्हणून त्याने रुमालाखाली माझे बोट दाबले. आमच्या बाजारात एकदा बोट दाबले की बैल रस्त्यात मेला तरी माणूस शब्द फिरवत नाही.

शेवटच्या आधीच्या भागात चुलत्याच्या माणसांनी पट्टीवालीला कड्यावरून ढकलले. एका वेलीला धरून ती लोंबकळत राहिली. वर एकाने वेलीवर कोयता उगारला, आणि पडदा पांढरा झाला. काठीवाला म्हणाला, पुढचे पुढच्या बाजारी. लोक उठून चालू लागले तरी आत्या खुर्चीतून हलेना. तरुणपणी ती स्वतः कमरेला दोर बांधून कड्यावरचे गवत कापायला उतरत असे. वर दोर धरणारा माणूस कसा आहे यावर सगळे असते, हे तिला ठाऊक होते.

"वेल कसली होती रे?" गाडीत तिने विचारले.

"नीट दिसली नाय."

"उक्शीची असंल तर टिकंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन देवीच्या देवळात गेली. आमच्याकडे गुरव देवीपुढे गाऱ्हाणे घालतो. त्यात माणसाचा ठावठिकाणा सांगावा लागतो, नाही तर देवी त्याला शोधणार कुठे?

"पोरीचं गाव कंचं?" गुरवाने विचारले.

"महाड."

"महाडात कुठं?"

"नदीकाठी. तंबूत."

गुरवाने तसेच गाऱ्हाणे घातले. महाडच्या नदीकाठच्या तंबूतली पोर कड्याला अडकली हाय गो माय, तिला सुखरूप उतरव, तुला कोंबडा देऊ. आत्याने एक तांबडा कोंबडा देवीच्या नावाने सोडला आणि नवस फिटेपर्यंत कोंबडीचा रस्सा तोंडाला लावणार नाही म्हणाली. कुणाला हसायचे असेल तर हसा. मी हात जोडून तिच्या शेजारीच उभा होतो.

पुढच्या बाजारी आम्ही गेलो तर नदीकाठी खुंट्यांची भोके तेवढी होती. सामान दुसऱ्या कुणाच्या तरी गाड्यांवर भल्या पहाटे गेले होते. आत्याला एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसवून मी दासगाव गाठले. आगबोट भरतीच्या पाण्यासाठी थांबली होती, आणि तंबूवाला धक्क्यावर पेटाऱ्यावर बसून पान लावत होता.

"सौदा काय झाला होता?" मी विचारले.

"शेठ, शेवटचा भाग मुंबईहून आलाच नाही. मी तरी काय करू?"

"हे केव्हापासून ठाऊक होतं?"

तो पानाच्या शिरा काढत बसला. उत्तर काठीवाल्याने दिले. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तंबूत कोण आलं असतं?"

मी तंबूवाल्याची गचांडी धरली. खलाशांनी सोडवली. "तिचं काय झालं तेवढं सांग," मी म्हणालो. तो म्हणाला, "पुढच्या साली शेवटचा भाग घेऊन येतो, तुमच्या डोळ्यांनीच पाहा. देवाशपथ." मग आगबोट सुटली, मधे पाणी आले, आणि त्याला धीर आला. कठड्यावरून ओरडून म्हणाला, "घरी सांगा, वाचली म्हणून. म्हातारीला काय कळतंय."

शेवटचा भाग बुडाला याचा राग कदाचित निवला असता. हे वाक्य अजून निवलेले नाही.

पुढच्या साली तो आला नाही. त्याच्यापुढच्या सालीही नाही. नंतर बोलपट आले. नव्या तंबूवाल्यांना मी पट्टीवालीचे विचारले की ते म्हणत, मुकी चित्रे आता कोण बघतो? आत्या दर शिमग्याला गुरवाला देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवून कौल लावायला सांगे. ती वाचली असली तर उजवीकडची कळी पडू दे, नसली तर डावीकडची. एकदाही कुठलीच कळी पडली नाही. वाडीतले लोक म्हणू लागले, देवीनंपण शेवटचा भाग नाय बघितला. देवीच्या नावाचा कोंबडा दुसऱ्या कशाला कापता येत नाही, म्हणून तो अंगणात वाढत राहिला, पाव्हण्यारावळ्यांच्या पोटऱ्या फोडत राहिला, आणि म्हातारा होऊन मेला. आत्याने दुसरा सोडला.

आमच्या वाडीतली निम्मी माणसे मुंबईत. त्यांच्याकडे चौकशी केली. एक म्हणाला, वाचते आणि लग्न करते. दुसरा म्हणाला, पडते, आणि चुलता वेडा होतो. दोघांनीही शपथा घेतल्या, आणि दोघांनीही ते दुसऱ्याकडून ऐकले होते. शेवटी मी स्वतः गेलो. सिनेमा काढणाऱ्या कंपनीच्या जागी साबणाची वखार होती. तिथल्या रखवालदाराने सांगितले, "जुनी फिल्म? वह तो जला के चांदी निकाल ली." फिल्मवर चांदी असते हे मला तेव्हा कळले. मी तसाच परत फिरलो.

आता आत्या अंथरुणाला खिळली आहे. वैद्याने कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितले; ती तोंड फिरवते. मी बाजारातून आलो की विचारते, "लागला काय रे पत्ता?" मी नाही म्हणतो. परवा म्हणाली, "साऱ्या जगाकडनं भाव काढतोस, येवढं नाय निघत तुज्याच्यानं?" तिला मरणाची भीती नाही. भीती आहे ती देवीचे देणे डोक्यावर घेऊन जाण्याची. पट्टीवाली वाचली, असे मी एकदा म्हटले की सगळे मिटेल, हे बायको सांगते, गुरवही सांगतो. मी बैलाचे वय चोरणाऱ्यांत उभी हयात घालवली. पण तिच्यापुढे बसलो की जीभ उचलत नाही, आणि आता माझ्यात कुणाशी भांडायचेही त्राण राहिलेले नाही.

म्हणून हे लिहिले. तंबूवाल्या, तू कुठेतरी असशील, कुठल्यातरी गावी बोलपट दाखवत असशील. पोलादपुरात बैलांच्या दलालाचे घर विचारलेस की कुणीही दाखवील. माझ्याकडे नको येऊस. माझ्या आत्याच्या उशाशी बस आणि त्या पोरीचे काय झाले ते तिला सांग. ठाऊक नसेल तर तसे सांग. आणि खोटेच सांगायचे असेल, तर तेही तिच्या डोळ्यांत बघून तूच सांग.