खाली बसलेली सीट

शेजारच्या शालनकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल. म्हणून तिच्या आधी मीच सांगून टाकते. चूक माझी होती आणि बारकी नव्हती.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. चौथीतून शाळा सुटली तेव्हा वडलांनी हातात पाना दिला, तो अजून हातातच आहे. माझ्या हातचा नट परत ढिला होत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. कुणी म्हणालं, "मावशी, जरा सैल ऱ्हाऊ दे," तर मी त्याला सांगते, सैल पाहिजे तर शिंप्याकडं जा.

माझी पोरगी पूजा कॉलेजात आहे आणि डोंगरातल्या सायकल शर्यतीत भाग घेते. मागच्या शर्यतीत उताराला लागली, तर उंच सीटनं मागून असा दणका दिला की ती हँडलवरून पुढं. हनुवटीला तीन टाके पडले. टाके सुकायच्या आत ती राजारामपुरीतल्या सायकलच्या दुकानातनं एक नवा सीटचा पाइप घेऊन आली. ड्रॉपर म्हणतात त्याला.

हे काय असतं, तेवढं समजून घ्या. नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्यात एकात एक सरकणारे दोन पाइप असतात आणि हँडलवर एक खटका असतो. सीटवर बसून खटका दाबला की आपल्या वजनानं सीट खाली जाते. अंग उचलून परत दाबला की आपोआप वर येते. चढाला वर, उताराला खाली, आणि सायकलवरनं उतरायचंच नाही. उताराला सीट खाली असली तर ती मागून ढकलणार कशी? म्हणजे पोरीची हनुवटी वाचली. मला पटलं.

पुढची शर्यत होती रविवारी, राधानगरीच्या बाजूला. शनिवारी सकाळी पूजा म्हणाली, "आई, दुकानवाल्याकडनंच बसवून आणते."

"का? तुझी आई मेली व्हय?"

"अगं, तसं न्हाय. ह्यात तार फ्रेमच्या आतनं न्यायची असते. किचकट काम हाय."

"आईचं सायकलचं दुकान आणि पोरगी दुसऱ्याच्या दारात. लोक काय म्हणतील? आण इकडं."

तार मी फ्रेमच्या आतनं पंधरा मिनिटांत नेली. तारेच्या टोकाला दोरा बांधला, दोऱ्याला लोखंडाची टाचणी, आणि बाहेरनं लोहचुंबक फिरवत टाचणी खाली ओढत आणली. पूजासुद्धा बघत राहिली. इथंवर माझं काही चुकलं नाही, हे लक्षात ठेवा.

मग पाइप फ्रेममध्ये घातला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीचा नट आवळायला घेतला. पूजा हातात इंग्रजी कागद घेऊन उभी. "आई, ह्यात लिहिलंय, पाचच न्यूटन मीटर आवळायचं. म्हणजे हलकंच."

"मीटरनं कापड मोजतात. तू हो बाजूला."

पोरगी डोंगरावरनं उतरणार आणि मी नट हलका ठेवू? पान्यावर सगळं अंग टाकलं. बसून खटका दाबला, सीट खाली गेली. उठून दाबला, वर आली, पण जरा कण्हत.

पूजा म्हणाली, "हळू येतीया."

"नवी हाय. आणि पाइप फ्रेममध्ये सरकत असंल." म्हणून आणखी आवळलं. आता सीट अर्ध्यावर येऊन थांबली. म्हणजे माझंच खरं, पाइप सरकतोय. पान्याला लोखंडी नळी लावली आणि दोन्ही हातांनी आवळलं. त्यानंतर सीट खाली गेली ती गेलीच. मी ओढली, पूजानं ओढली. शेजारची शालन चहाची साखर मागायला आली होती, तिनंही ओढली. सीट काय उठेना.

"अक्का, हिला खालचंच आवडलंय," शालन म्हणाली.

पूजाचं तोंड उतरलं. "उद्या चढाला मी अशी बसू? गुडघं कानाला लागतील."

आता माझ्या डोक्यात काय आलं असंल? नट जास्त आवळला, हे? छे. माझ्या डोक्यात आलं, दुकानवाल्यानं पोरीच्या गळ्यात बिघडलेला माल मारला. तीस वर्षं सायकली करते मी, मला फसवतो व्हय?

निघालो तिघी. पुढं सायकलवर पूजा, सीट खाली, गुडघे हनुवटीपर्यंत, लहान पोरांच्या तीनचाकीवर बसल्यागत. मागं स्कूटीवर मी आणि शालन. साखर राहिली, पण शालनला भांडण बघायचं होतं. राजारामपुरीत लोक वळून वळून बघत होते. एका रिक्षावाल्यानं तर, "ताई, मोठी सायकल घ्या की," असा सल्लाही दिला.

दुकानात शनिवारची गर्दी. मालक चष्मेवाला, शांत माणूस. मी दारातूनच सुरुवात केली.

"ओ पावणं, बिघडलेला माल विकतासा? उद्या पोरगी डोंगरात जाणार हाय. ही सीट मधीच अडकली आणि पोरगी पडली तर कोण येणार, तुम्ही?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो सायकलजवळ आला, वाकून बघितलं. "मावशी, हे कुणी बसवलं?"

इथं मी खरं बोलायला पाहिजे होतं. पण एवढी माणसं बघत होती. म्हटलं, "आमच्याकडं एक मेस्त्री हाय. जुना हाय. त्याची चूक न्हाय."

शालननं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

त्यानं खिशातनं बोटाएवढा पाना काढला, पट्टीचा नट बराचसा सोडला आणि मग दोन बोटांनी बेतानं आवळला. खटका दाबला. सीट सरळ वर आली आणि ठक करून थांबली. खाली, वर, खाली, वर. लोण्यासारखी.

"बाहेरचा पाइप आवळून चेपला की आतला अडकतो," तो म्हणाला. "नशीब, फुटला न्हाय. मावशी, ह्या मेस्त्रीनं काय ट्रॅक्टरचं चाक बसवलंय?"

लोक हसले. पूजा आपल्या बुटांकडं बघत होती. आणि मी? मीही हसले. वर म्हणाले, "व्हय की. डोस्कंच न्हाय त्याला. किती सांगितलं, कागदात लिहिलंय तसं कर. ऐकतोय कुठं."

आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण गर्दीत आपल्या बाजूनं कुणी हसलं की माणूस थांबत नाही. मी त्या मेस्त्रीला आणखी पाच मिनिटं शिव्या दिल्या. आडदांड म्हटलं, अडाणी म्हटलं, असल्याच्या हातात पानाच देऊ नये म्हटलं. दुकानवाल्यालाच त्याची दया आली.

"ऱ्हाऊ दे, मावशी. जुन्या लोकांना ह्या नव्या मालाची सवय नसती. सोमवारी घेऊन या त्याला. अर्ध्या तासात शिकवतो. फुकट."

घरी येऊन दारात सायकल लावताना पूजा एवढंच म्हणाली, "आई, उद्या सकाळी हिला हात लावायचा न्हाय." लावला नाही.

रविवारी उताराला सीट खाली गेली, चढाला वर आली. पूजा नववी आली. पडली नाही. संध्याकाळी तिची हनुवटी मी दोनदा हात लावून बघितली.

आणि तेव्हाच कळलं, आता सोमवार चुकवता येणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाची पोरगी असली सीट घेऊन माझ्या दारात आली तर?

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला एकटीच गेले. मालक शटर वर करत होता. माझ्या मागं रस्त्यावर लांबवर बघून म्हणाला, "काय मावशी, मेस्त्री आला न्हाय व्हय?"

म्हटलं, "आलाय की. तुमच्या म्होरंच उभा हाय. शिकवा आता."