हिंमतरावांची शिस्टीम

हडपसरात अशी वदंता आहे, की हिंमतराव एका बड्या आयटी कंपनीत सिस्टीमचे साहेब आहेत आणि कुणाची नजर लागू नये म्हणून मुद्दाम टेम्पोतून फिरतात. साफ खोटं. ते मांडव, खुर्च्या आणि पातेली भाड्याने देतात. आयटी पार्कात ते एकदाच गेले, तेही खुर्च्यांबरोबर. अफवा उठली ती त्यांच्या तोंडातल्या एका शब्दामुळे.

खुर्च्या सरळ लागल्या, की “आता आली शिस्टीम!” नळाला पाणी नसलं, की “ही कुठली शिस्टीम हाय?” शेजारचे आजोबा जेवले, हात धुतले, पलंगावर टेकले आणि गेले, तेव्हा हिंमतराव डोळे पुसत म्हणाले, “गेला, पण शिस्टीमनं गेला.” बायकोने, दुर्गाबाईंनी, आमटीची चव विचारली तरी उत्तर तेच. मीठ कमी की जास्त, ते मानेच्या हलण्यावरून ओळखायचं.

घोटाळा झाला लेकीचं, अपेक्षाचं लग्न ठरवताना. मुलगा आमोद, शनिवार पेठेतला. त्याचे वडील बद्रीनाथ यांनी फोनवर विचारलं, “लग्नाचं काय ठरवलंय आपण?”

“शिस्टीमनं करू.”

“म्हणजे नेमकं काय?”

“म्हंजे जे जिथं पायजे, ते तिथं. शिस्टीममधी.”

बद्रीनाथांनी फोन ठेवला आणि आमोदला सांगितलं, “बोलणं झालं. काय झालं ते कळलं नाही. एकदा भेटून बघू. तेव्हाही हेच असेल, तर राहू दे.”

अपेक्षा रडकुंडीला आली. “पप्पा, तिथं तो शब्द काढलात तर माझं लग्न गेलं!”

“न्हाय काढत.”

पुतण्या तेजस, म्हणजे हे लिहिणाराच, फिस्सकन हसला. “काका, चपला काढेपर्यंतसुद्धा जमणार नाही. माझी मिशी पैजेवर!”

“लागली!”

रविवारी शनिवार पेठेत, बद्रीनाथांच्या फ्लॅटमध्ये पोहे आले. “कार्यालय कुठलं बघताय?” बद्रीनाथांनी विचारलं. शब्द हिंमतरावांच्या दातांपर्यंत आला. त्यांनी ओठ मिटले. “हं.”

“मानपानाचं काय?”

शब्द गिळताना मान जोरात हलली. मुलाकडच्यांनी त्याचा अर्थ ‘मानपान नको’ असा घेतला आणि त्यांचे चेहरे खुलले.

“आणि जेवण? पंगत की बुफे?”

हे मात्र अति झालं. प्रश्न थेट धंद्यातला! हिंमतराव लालबुंद झाले, ताडकन उठले. एक शब्द न बोलता त्यांनी टीपॉय भिंतीला लावला, आमोदच्या आत्याला खुर्चीसकट सरकवलं, सगळ्यांना एका ओळीत बसवलं, प्रत्येकाच्या मांडीवर पोह्यांची बशी ठेवली आणि स्वतः घाम पुसत वाढप्यासारखे समोर उभे राहिले.

“अहो, हे तोंडाने सांगता येत नाही का?” ओळीतून बद्रीनाथ म्हणाले.

हिंमतरावांनी नकारार्थी मान हलवली.

बद्रीनाथांनी शांतपणे एक घास खाल्ला. “माणूस गप्प बसू शकतो. आमच्या घराण्यात ही सोय आजवर नव्हती. तारीख काढा.”

अपेक्षाने तिथेच डोळ्यांना पदर लावला. तेजसने ओठावर हात ठेवला.

मंगळवारी सकाळी हिंमतरावांनी त्याला दंडाला धरून सलूनमध्ये नेलं आणि खुर्चीत बसवलं. “याची मिशी काढ.”

न्हाव्याने तेजसची हनुवटी उजेडाकडे वळवली, डोळे बारीक केले, जवळून पाहिलं, मग हिंमतरावांना विचारलं, “कुठाय?”