गुरुजींचं ग्रंथघर

बिराजदार गुरुजी ग्रंथालयात शिरले की पुस्तकाआधी भिंतीला हात लावायचे. तळवा टेकवून क्षणभर उभे राहायचे. "ओल न्हाई," म्हणायचे आणि मगच कपाटाची किल्ली काढायचे.

लातुरातली ही इमारत त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः आखून बांधून घेतली होती. चुन्यात बसवलेल्या दोन हात रुंद दगडी भिंती. उंच खिडक्या फक्त उत्तरेला, कारण "उन्हानं कागद म्हातारा होतो." कपाटंसुद्धा भिंतीपासून वीतभर सुटी. आत मोडी दफ्तरं, दख्खनी हस्तलिखितं, मठामठांतून मागून आणलेल्या कन्नड पोथ्या. "माणूस कुठंबी ऱ्हातो. घर पुस्तकाच्या मापानं बांधावं," असं त्यांचं म्हणणं.

एम.ए.ला असताना मी रोज तिथं जात असे. त्याच वर्षी भूकंप झाला. मी लातुरात वसतिगृहात होते म्हणून वाचले. किल्लारीच्या आमच्या दगड-मातीच्या घरात आई गेली.

दीड महिन्यानं गावाहून परतले, तर गुरुजींच्या इमारतीला एक बारीक तडा तेवढा गेला होता. पण दगडी भिंतींच्या आत बसायला कुणी धजेना. लोक ओसरीवरूनच पुस्तकं मागत. गुरुजी प्रत्येकाला सांगत, "दगड मारत न्हाई, बाबा. माती मारते. किल्लारीत चुना असता तर घरं उभी ऱ्हायली असती."

एकदा मी मागेच उभी होते. "गुरुजी, माझी आई चुन्यावाचून मेली, हे कळून मी काय करू?"

त्यांनी हातातली पोथी खाली ठेवली. "चुकलो, माय."

ते वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर सतरंजी ते स्वतः अंथरू लागले. तरी येणारे कमी कमीच होत गेले.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. गुरुजींना अर्धांगवायू झाला आणि त्यांच्या पुण्यातल्या मुलानं इमारत एका क्लासला भाड्यानं दिली. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. पोथ्यांसाठी दोन कॉलेजं, तीन वाचनालयं पालथी घातली. "जागा न्हाई, मॅडम," सगळीकडे हेच. चार पोती माझ्या घरात मावली. बाकीची औशाच्या एका गोदामात गेली. इमारतीच्या खिडक्या बुजवून एसी बसले. कपाटं होती तिथं प्लायवूडचे कप्पे आले, एकेका कप्प्यात अभ्यासाला एकेक मूल. त्यातल्या एका कप्प्यात माझी मुलगीही होती. मी कुणाला काय बोलणार?

गुरुजींना मुलानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी अडखळत विचारलं, "ग्रंथालयात कुणी येतंय का, माय?"

"येतात, गुरुजी. बसायला जागा मिळत न्हाई."

"वाचायलेत का?"

"मान वर करत न्हाईत."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. "मला ठाऊक होतं. भूकंपाची भीती जायला वेळ लागतो."

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. दहाव्या दिवशी ते गेले.